पोटातल्या धमनीला आतून चीर: जनुकाचा शोध कधी घ्यायचा आणि कसा

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले. दादाचं वय ३६. तंबाखू-दारू नाही, रक्तदाब नाही. जेवण झाल्यावर अचानक पोटात भयंकर कळ आली. दोन दिवस पित्त समजून इंजेक्शनं दिली. शेवटी सीटी अँजिओग्राफीत आतड्याच्या मुख्य धमनीत (सुपीरियर मेसेंटेरिक) डिसेक्शन, म्हणजे भिंतीला आतून चीर, निघालं, शिवाय डाव्या मूत्रपिंडावर जुना व्रण दिसला. ऑपरेशन न करता तो सावरलाय. आमचे वडील ४४ व्या वर्षी ‘पोटात रक्त साचून’ गेले. डॉक्टर म्हणतात, जनुकीय असू शकतं. कोणती चाचणी करावी? दादाला दोन लहान मुलं आहेत. मी ३१ वर्षांची, नुकतंच लग्न झालंय. माझं काय?

उत्तर : जनुकचाचणी हवीच, आणि तीत सीओएल३ए१ हे जनुक पहिलं. ते बिघडलं की धमन्या नाजूक करणारा व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस हा आजार होतो. रिपोर्ट येईपर्यंत दादाला तो आजार आहे असंच धरून वागायचं. उलटं करू नका, म्हणजे ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ असं नको. रिपोर्टला तीन ते सहा आठवडे जातात आणि धोका त्या आठवड्यांतही असतोच.

आता कारणं. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात: आतलं नाजूक अस्तर, मधला स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा थर, बाहेरचं कोलॅजनचं आवरण. अस्तराला चीर पडली की रक्त भिंतीत शिरतं आणि थर एकमेकांपासून सोलत पुढे जातं. मग दोनच गोष्टी बिघडू शकतात. भिंतीत साचलेलं रक्त खरी वाट आतून दाबतं आणि पुढच्या आतड्याचं रक्त तुटतं. नाहीतर उरलेला बाहेरचा पातळ थर फुगतो आणि फुटतो. तुम्ही लिहिलेली धमनी महाधमनीतून निघून स्वादुपिंडाच्या मागून खाली उतरते आणि पुढे आतड्याच्या पडद्यात मोकळी होते. वरचा भाग बांधलेला, खालचा हलता. बहुतेक चिरा याच वळणावर, उगमापासून साधारण दीड ते तीन सेंटिमीटरवर, पुढच्या भिंतीला पडतात. पोट दाबून पाहिलं तर मऊ, अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेत वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, सोनोग्राफी स्वच्छ, आणि माणूस मात्र कळवळतोय, असं चित्र दिसलं की धमनीचा विचार करायचा. तो न झाल्यामुळेच दोन दिवस पित्ताच्या इंजेक्शनांत गेले.

पण अशी चीर पडलेल्या प्रत्येकाला जनुकचाचणी लागत नाही. एकट्या याच धमनीत चीर, पन्नाशीतला पुरुष, विडी-तंबाखू किंवा रक्तदाब, घरात कुणाला काही नाही: या गटात एकच दोषी जनुक सापडणं विरळा. अशा माणसाला पंधरा जनुकांची एकत्र तपासणी (पॅनेल) करायला लावली तर बहुधा अर्थ न लागणारा एखादा बदल हातात येतो आणि घरभर भीती पसरते. तिथे पैसे खर्चायचेच असतील तर रक्तदाब आणि तंबाखू सोडवण्यावर खर्चा. मशेरीही तंबाखूच, हे बायकांच्या बाबतीत मुद्दाम विचारावं लागतं. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की उत्तर ‘नाही’ येतं.

दादाचं चित्र वेगळं आहे. वय चाळिशीच्या आत. धमन्या दोन, कारण मूत्रपिंडावरचा तो पाचरीच्या आकाराचा व्रण म्हणजे तिथलं रक्त कधीतरी तुटल्याची खूण असू शकते. दादाला विचारा, काही वर्षांपूर्वी कुशीत जोराचं दुखून ‘मुतखडा’ म्हणून औषध झालं होतं का, आणि सोनोग्राफीत खडा सापडला होता का. मूत्रपिंडाच्या धमनीची चीर हमखास मुतखड्याच्या नावावर खपते. लघवीत रक्तपेशी दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. एलडीएच (पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) बरंच वाढलेलं असतं, पण ते कुणी करत नाही. आणि तिसरी गोष्ट वडिलांची. तरुण वय, दोन जागा आणि घरातला अकाली मृत्यू, यातली एक गोष्टसुद्धा चाचणीसाठी पुरेशी असते.

सीओएल३ए१ हे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असतं आणि ‘टाइप थ्री’ कोलॅजन बनवतं. धमन्या, मोठं आतडं आणि गर्भाशय या तिघांच्या भिंतीत ते भरपूर असतं, म्हणून बिघाड झाला तर फाटतातही हेच तीन. हाच तो व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस. अंदाज ५० हजार ते २ लाखांत एक असा आहे. हे कोलॅजन काथ्याच्या तीन पेडी दोरासारखं असतं: तीन साखळ्या एकमेकींत पिळलेल्या. पीळ घट्ट बसायचा तर साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल लागतं; अशा त्रिकुटांची संख्या ३४३. एका जागी ग्लायसिन जाऊन मोठं आम्ल आलं की तिथे पीळ बसत नाही.

इथे एक हिशेब समजून घ्या, रिपोर्ट वाचताना तोच कामाला येतो. माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती. एक चांगली, एक बिघडलेली. तीनही साखळ्या चांगल्या येण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे आठात एक. बाकी सात रेणूंत निदान एक खराब साखळी. म्हणजे निम्मं जनुक बिघडलं आणि माल बिघडला साडेसत्त्याऐंशी टक्के. याउलट बिघडलेली प्रत काहीच बनवत नसेल, तर कोलॅजन निम्मंच बनतं, पण बनतं ते सगळं चांगलं. अशा घरांत पहिली मोठी घटना साधारण पंधरा वर्षं उशिरा येते आणि आतडं फाटण्याचं प्रमाणही कमी दिसतं. ‘सीओएल३ए१ पॉझिटिव्ह’ एवढंच ऐकून घरी येऊ नका. बदल ग्लायसिनचा आहे की प्रत बंद पाडणारा, हे विचारा.

सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन पाहणीत घरात प्रथम निदान झालेल्या रुग्णांपैकी २५ टक्क्यांना विसाव्या वर्षापर्यंत आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांना चाळिशीपर्यंत पहिली मोठी घटना घडलेली होती. हे आकडे घाबरवणारे वाटतील, पण ते मुळात आजारी पडून आलेल्यांचे आहेत. घरात तपासून आधीच सापडलेल्यांचे नाहीत.

अंगावरच्या खुणा पाहाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. पुस्तकात ‘पारदर्शक त्वचा’ लिहिलेलं असतं. उन्हात रापलेल्या सावळ्या अंगावर ती कुठून दिसणार? शर्ट काढून छाती, खांद्यांचा पुढचा भाग आणि पोट उजेडात बघा. शिरांचं जाळं तिथे दिसतं. किरकोळ लागूनही मोठे काळेनिळे डाग, हातांची कातडी वयापेक्षा म्हातारी, बारीक नाक, पातळ ओठ, कानाची पाळी जवळजवळ नाहीच, हिरड्या मागे सरकलेल्या, तरुणपणीच पायांच्या शिरा फुगलेल्या, जन्मतः वाकडं पाऊल, कधी फुप्फुसाभोवती हवा साचल्याचा इतिहास. सांधे वाकले तर बोटांचे. कातडी रबरासारखी ताणली जाते हा एहलर्स-डॅनलॉसचा दुसरा प्रकार, हा नव्हे. ‘कातडी ताणली जात नाही, म्हणून एहलर्स-डॅनलॉस नाही’ असं केस पेपरवर लिहिलेलं अनेकदा दिसतं. ते चूक आहे.

बाकीची जनुकं वेगळ्या वाटेने येतात. मार्फान या आजारात (जनुक एफबीएन१) मुख्य घाव छातीतल्या महाधमनीच्या मुळाशी असतो. पोटात दिसते ती बहुतेकदा वरून खाली उतरलेली चीर. लोइस-डीट्झ हा आजार (जनुकं टीजीएफबीआर१, टीजीएफबीआर२, एसएमएडी३, टीजीएफबी२ वगैरे) पोटातल्या फांद्यांनाही धरतो. तोंडात बॅटरी मारून पडजीभ दुभंगलेली किंवा रुंद आहे का बघा, डोळ्यांतलं अंतर बघा, आणि सीटीत धमन्या नागमोडी आहेत का हे रेडिओलॉजिस्टला विचारा. घरात कमी वयात सांधे झिजलेले असतील तर एसएमएडी३ कडे बोट जातं. एसीटीए२ सारखी जनुकं मुख्यतः छातीतल्या महाधमनीची. एसएलसी२ए१० चा आजार आई-बाप दोघांकडून आला तरच होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नाचा प्रश्न तिथे महत्त्वाचा. दादाच्या बाबतीत बाप-लेक अशी सरळ रांग दिसते, म्हणून ही शक्यता मागे पडते.

जनुक न सापडणारे दोन आजार मात्र याच रांगेत उभे असतात. एक फायब्रोमस्क्युलर डिसप्लेसिया: बहुतांश रुग्ण स्त्रिया, मूत्रपिंडाच्या किंवा मानेच्या धमनीवर मण्यांच्या माळेसारखी रचना. पीएचएसीटीआर१ या जनुकातला एक अगदी सर्रास आढळणारा बदल त्याची शक्यता थोडी वाढवतो, पण तो बदल इतक्या निरोगी लोकांत असतो की तपासून हाती काही लागत नाही. कुणी तसं पॅकेज विकत असेल तर घेऊ नका. दुसरा सेगमेंटल आर्टेरियल मिडिओलायसिस, ज्यात मधला थर जागोजाग विरघळल्यासारखा होतो. त्याचं जनुक ठाऊक नाही. हा रक्तवाहिनीदाहासारखा दिसतो, पण ईएसआर-सीआरपी हे रक्तातले दाहाचे आकडे सहसा वाढत नाहीत, ताप-वजनघट नसते. दाह समजून स्टेरॉइड सुरू झाले तर नुकसान होऊ शकतं, म्हणून हे दोन आकडे आधी बघावेत.

चाचणीआधी एक काम घरी बसून होतं. तीन पिढ्यांचा तक्ता. गणपतीला मुंबईकर घरी येतात तेव्हा वही घेऊन बसा. एरवी इतकी माणसं एका पडवीत सापडत नाहीत. प्रत्येकाचं वय, गेलेल्यांचं गेल्याचं वय आणि कारण. ‘झटका आला’, ‘बाहेरचं काही झालं’, ‘बाळंतपणात गेली’, ‘आतडं फुटलं’ अशी उत्तरं येतील. ती जशीच्या तशी लिहा, अर्थ डॉक्टर लावतील. भावकी मोजताना मामाकडची आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांची मुलं सुटतात. हा बदल मुलगा-मुलगी बघून जात नाही. वडिलांचं शवविच्छेदन झालं असेल तर त्याची नक्कल मिळवा, आणि त्या वेळी तपासलेल्या उतींचे मेणातले ठोकळे जपलेत का हेही विचारा. दादाचा बदल सापडल्यावर तो त्यात शोधता येतो.

रक्त लागतं तीन-चार मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करायची, घुसळायची नाही. गोठवायची तर अजिबात नाही. कुरिअरने जाणार असेल तर थंड जेल-पॅक, पण नळी बर्फाला थेट टेकवू नका. दादाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर लॅबला आधी सांगा. ते बहुधा काही आठवडे थांबतील किंवा गालाच्या आतला नमुना घेतील. लॅबला चार प्रश्न विचारा: सीओएल३ए१ चे सगळे एक्सॉन (जनुकातले प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे) पुरेशा खोलीने, म्हणजे पुरेशा वेळा, वाचले जातात का, जनुकाचा अख्खा तुकडा गळालेला असेल तर तो पकडला जातो का, टीजीएफबीआर१ चा पहिला एक्सॉन धरलाय का (तो वाचायला अवघड असतो आणि निसटतो), आणि रिपोर्ट समजावून सांगणारा जनुकतज्ज्ञ कोण. मुंबईचं केईएम हे केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. तिथल्या जनुक विभागात दाखवून मगच नमुना दिला तर बरं.

रिपोर्टचे निष्कर्ष पाच पायऱ्यांत येतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. घोळ होतो तो मधल्या पायरीवर. ‘अनिश्चित’ बदलावरून भावंडांना किंवा मुलांना आजारी ठरवायचं नाही आणि निर्धास्तही करायचं नाही. तिथे कातडीचा छोटा तुकडा घेऊन पेशी वाढवतात आणि त्या कोलॅजन कसं बनवतात ते बघतात, किंवा घरातल्या आजारी माणसांत तोच बदल आहे का ते तपासतात. आणखी एक गोंधळ क्रमांकाचा. जुन्या लेखांत आकडे दोराचा पीळ जिथे सुरू होतो तिथून मोजलेले असतात, नव्या रिपोर्टात प्रथिनाच्या सुरुवातीपासून. फरक १६७ चा. एकच बदल दोन ठिकाणी दोन आकड्यांनी सापडतो आणि माणसं ‘आमचा बदल कुठेच नोंदलेला नाही’ म्हणून हवालदिल होतात.

रिपोर्ट पूर्ण नकारात्मक आला तर? दादासारख्या घरात तेवढ्यावर फाइल बंद करायची नाही. डोक्यापासून जांघेपर्यंतच्या धमन्यांचं एकदा सीटी किंवा एमआर अँजिओ, हृदयाची टू-डी एको, आणि दोन-तीन वर्षांनी जनुकचाचणीच्या त्याच डेटाचं पुन्हा वाचन मागायचं.

आता मधल्या काळातली काळजी. रक्तदाब १३०/८० च्या खाली, शक्यतो १२० च्या आसपास. सेलिप्रोलॉल या रक्तदाबाच्या गोळीचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला युरोपातला प्रयोग ५३ जणांवर झाला. चीर किंवा फाटण्याच्या घटना गोळी घेणाऱ्यांत २० टक्के आणि न घेणाऱ्यांत ५० टक्के झाल्या. प्रयोग लहान होता आणि सगळ्यांचं जनुक सिद्ध झालेलं नव्हतं, तरी आज हाताशी असलेला मुख्य पुरावा हाच. रोज ४०० मिलिग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवतात. सुरू करायची ती हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. सीटी पुन्हा साधारण एक ते तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला. धमनीच्या टप्प्यातले बारीक काप हवेत. नुसत्या ‘पोटाच्या सीटी’त चीर लपते.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट औषधाच्या दुकानातली. पावसाळ्यात पोट बिघडलं की ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी चिठ्ठीशिवाय हातात पडते. या गटातल्या प्रतिजैविकांमुळे महाधमनीला चीर पडण्याचा किंवा ती फुटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आणि त्यात मार्फान व एहलर्स-डॅनलॉसचा नावाने उल्लेख आहे. दादाच्या फाइलवर लाल अक्षरात लिहा. सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलएफ्रिन रक्तदाब चढवतं, तेही नको. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, इसबगोल चालतं. एनिमा आणि घाईची कोलोनोस्कोपी टाळायची, कारण मोठं आतडं नाजूक असू शकतं. कामात श्वास रोखून जोर लावणं बंद: चिरे उचलणं, होडी वाळूवर ओढणं, भरलेली आंब्याची पेटी खांद्यावर घेणं, माडावर चढणं. चालणं, सायकल, बागेतलं हलकं काम चालू द्या. बसून राहायला सांगणंही बरोबर नाही.

पुन्हा कळ आली तर काय, हे आत्ताच ठरवा. १०८ ला फोन, आणि जिथे सीटी अँजिओ होते अशाच ठिकाणी न्यायचं. देवगडहून गोव्यातलं बांबोळी की कोल्हापूर, हे पावसावर ठरतं. करूळ किंवा फोंडा घाटात दरड आली असेल तर दुसरी वाट घरच्यांना तोंडपाठ हवी. सीटीचे नुसते प्रिंट नकोत, मूळ इमेजेस पेन ड्राइव्हवर आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये. मराठी-इंग्रजी कार्ड खिशात: निदान, टाळायची औषधं, रक्तगट, आणि ‘पोट मऊ असलं तरी धमनी आधी बघा’ हे वाक्य. स्टेंट किंवा कॅथेटर घालायची वेळ आली तर सर्जनला आजाराची शंका सुईच्या आधी कळली पाहिजे. अशा धमन्या वायर शिरवतानाही फाटतात, म्हणून आतडं मरत नसेल, रक्तस्राव होत नसेल तर हात न लावणंच बरं.

मुलांचं आणि तुमचं. दादात रोगकारक बदल सापडला तर प्रत्येक मुलाला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी. तुमचीही निम्मीच, वडिलांकडून तो आला असेल तर, आणि तुमच्या घरात तसं दिसतंय. मग पॅनेल पुन्हा करायचं नाही, त्या एकाच जागेची तपासणी पुरते आणि खर्चही बराच कमी येतो. ज्याच्यात बदल नाही तो मोकळा. त्याच्या पुढच्या पिढीलाही तो जात नाही. मुलांची चाचणी कधी, हे जनुकतज्ज्ञाशी बोलून ठरवा, पण तोवर कबड्डी-कुस्ती नको.

तुमच्या बाबतीत वेळ महत्त्वाची आहे. गरोदर राहण्याआधी तपासून घ्या. दादाचा रिपोर्ट येईपर्यंत दोन महिने थांबणं अजिबात जास्त नाही. हा आजार असलेल्या स्त्रियांत बाळंतपणाशी निगडित मृत्यू सुमारे ५ टक्के नोंदले गेलेत. धोका शेवटच्या तिमाहीत, प्रसूतीत आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत. बदल निघाला तर मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय तुमचा आणि नवऱ्याचा, पण दिवस राहिले तर नाव पहिल्या महिन्यापासून मोठ्या रुग्णालयात हवं, जिथे रक्तवाहिन्यांचा सर्जन आणि रक्तपेढी एकाच आवारात आहेत. गर्भाची तपासणी अकरा ते तेराव्या आठवड्यात वारेच्या तुकड्यातून होते, आणि १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्यानुसार जनुकीय आजारासाठी ती नोंदणीकृत केंद्रात करता येते. लिंग मात्र सांगत नाहीत. सुई घालण्याचा धोका आईलाही असतो, त्यामुळे बदल तुमच्यात असेल तर हा प्रश्न आधी रक्तवाहिनीतज्ज्ञापुढे ठेवा. बदल नसेल, तर तुमचं बाळंतपण या बाबतीत इतर कुणासारखंच, गावाजवळच्या दवाखान्यात.